माळ्यावरचा डेटाबेस

नौपाड्यातल्या आमच्या घराला माळा आहे. स्वयंपाकघर आणि मोरीच्या मध्ये, उंच पाहुण्याच्या टाळूला नेमकं टेंगूळ येईल अशा बेताने बांधलेला. त्यावर लग्नात आलेले सात लेमन सेट आहेत, वडिलांचा वातीचा स्टोव्ह आहे, आणि माझ्या पाळण्याच्या कड्या आहेत. आईचा नियम साधा आहे. महिनाभर लागलं नाही की माळ्यावर. आणि वस्तू लागते ती एकतिसाव्या दिवशीच. मग मी स्टुलावर, आई खालून "डावीकडे रे, तुझ्या डावीकडे," आणि माझ्या डोक्यावर कोळिष्टकं.

लिनक्सचं कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी आणि डिस्क सांभाळणारा त्या सिस्टिमचा गाभा, हुबेहूब माझ्या आईसारखं वागतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही पगाराच्या आदल्या रात्री.

मी ऐरोलीतल्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतो. तो चालू असेपर्यंत मला कोणी ओळखत नाही. बंद पडला की मीटिंगमध्ये माझं नाव आडनावासकट घेतलं जातं. तर हा डेटाबेस महिनाअखेर जवळ आली तसा रेंगाळायला लागला. दोन मिनिटांचा रिपोर्ट वीस मिनिटं घेऊ लागला. साहेबांनी बोलावलं. "स्लो आहे," म्हणाले. मी विचारलं, "नेमकं काय स्लो आहे?" "तेच तर तुम्ही सांगायचंय."

आता आमचा सर्व्हर म्हणजे व्हर्च्युअल मशीन. एका दणकट यंत्रात दहाबारा बिऱ्हाडं, त्यातलं एक आमचं. कागदोपत्री ३२ जीबी मेमरी आमच्या नावावर. त्यातली ८ पोस्टग्रेसच्या, म्हणजे आमच्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरच्या, स्वतःच्या बफरला, बाकीची कर्नलच्या कॅशला, म्हणजे हाताशी ठेवलेल्या फायलींच्या प्रतींना, आणि येणाऱ्याजाणाऱ्या क्वेऱ्यांना. मी हौसेने कर्नलची सेटिंगं उघडून बसलो. पहिलीच गाठ पडली स्वॅपिनेसशी.

स्वॅपिनेस म्हणजे कर्नलची माळ्यावर टाकण्याची हौस. मेमरी कमी पडली की दोन गोष्टी करता येतात. फायलींची कॅश फेकून द्यायची, नाहीतर प्रोग्रॅमची मेमरी उचलून डिस्कवर, म्हणजे माळ्यावर, ठेवायची. आकडा मोठा तेवढा हात माळ्याकडे लवकर जातो. मुळात तो असतो ६०. डेटाबेसवाले तो १ किंवा १० करतात. मी शून्य केला. एक वाटी काढ्याने खोकला निम्मा झाला तर दोन वाट्यांनी पुरता जाईल, असं मानणाऱ्या घराण्यातला मी.

मग खरकटी भांडी. डेटाबेस लिहितो ते लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल त्या पानांना 'डर्टी' म्हणतं आणि साठवत बसतं. वापरात येऊ शकणाऱ्या मेमरीच्या १० टक्क्यांपर्यंत ढीग गेला की मावशी गुपचूप घासायला लागतात. जेवणाऱ्यांना पत्ताही नसतो. ढीग २० टक्क्यांवर गेला की मात्र हुकूम सुटतो : ज्याने ताट खरकटं केलं त्याने उठायचं, आणि ढीग उतरेपर्यंत नवं वाढून घ्यायचं नाही. हे टक्के ठरले तेव्हा घरं लहान होती. ३२ जीबीच्या घरात २० टक्के म्हणजे सहा जीबीच्या आसपास खरकटं, आणि आमच्याकडे मोरी, म्हणजे डिस्क, एकच, तीही दहाबारा बिऱ्हाडांत सामाईक! दर थोड्या वेळाने सगळं दोन-दोन मिनिटं गोठायचं, त्याचं हे कारण होतं. मी टक्के काढून टाकले आणि सरळ बाइट्समध्ये सांगितलं : २५६ एमबीला घासायला सुरुवात, १ जीबीला सगळे मोरीत. गोठणं थांबलं. या कामाचा मला आजही अभिमान आहे, कारण बाकी जे घडलं त्यात अभिमानासारखं काही नाही.

आय-ओ शेड्युलर, म्हणजे डिस्कच्या कामांची रांग लावणारा, 'नन' केला, म्हणजे रांग लावणंच बंद. कर्नलवाले या शेड्युलरला पूर्वापार 'एलिव्हेटर' म्हणतात, आणि आमच्या सोसायटीच्या लिफ्टचा अनुभव असल्याने मला ते पटतं. आतल्या कर्नलने रांग लावायची, मग बाहेरच्या हायपरव्हायझरने, म्हणजे सगळी बिऱ्हाडं सांभाळणाऱ्या घरमालकाने, ती मोडून पुन्हा लावायची, यात कोणाचंच भलं नसतं. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसही बंद केले. चार-चार केबींची पानं जुळवून दोन एमबीचं एक पान करायचा त्या कर्नलला नाद असतो, आणि तो ऐन गर्दीत उफाळून येतो.

साहेबांना सांगितलं, "झालं." माणसाने हा शब्द महिनाअखेरीच्या आधी उच्चारू नये.

रात्री पावणेदोनला फोन. डेटाबेस मेला. स्लो नाही, मेला. लॉगमध्ये कर्नलच्या हस्ताक्षरात : 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस', आणि पुढे आमच्या पोस्टग्रेसचं नाव.

मेमरी संपली की कर्नल ओओएम किलर नावाचा गृहस्थ पाठवतं. पंगतीत भात संपला तर हा सगळ्यात जास्त जेवणाऱ्याला उठवतो. हिशेब वाईट नाही. फक्त आमच्या सर्व्हरवर सगळ्यात जास्त जेवणारा म्हणजे साक्षात नवरदेव, ज्याच्यासाठी मांडव घातलाय. बरं, पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली की बाकीच्यांच्या सामाईक मेमरीचा भरवसा राहत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच उठवून नव्याने पंगत मांडतो. गंमत म्हणजे स्वॅप बऱ्यापैकी रिकामं होतं. माळा मोकळा, पण मीच शून्य लिहून शिडी काढून घेतलेली. २०१२ सालच्या ३.५ कर्नलपासून शून्याचा अर्थ 'अगदी गळ्याशी येईपर्यंत माळ्याकडे बघू नकोस' असा झालाय. आणि गळ्याशी आल्यावर कर्नलला माळा आठवेलच असं नाही, मारेकरी आधी आठवू शकतो.

पण मुळात भात संपला कसा? मी बेरीज केली. ३१ जीबी खर्ची पडलेली. प्रोसेसेसची आणि कॅशची बेरीज मात्र जेमतेम २१. दहा जीबी कोण खातंय याचं नाव कुठेच नाही. मी पहाटे साडेतीनला बायकोला उठवून विचारलं, "घरात कोणी दिसत नाही, पण डबे रिकामे होतायत. काय समजायचं?" ती म्हणाली, "फ्रीजमधले लाडू तू खाल्लेस, मला माहितीये. झोप आता."

सकाळी व्हर्च्युअलायझेशनवाल्या मुलाला गाठलं. त्याने स्क्रीनवर एक नजर टाकली.

"सर, बलून फुगलाय."

"कुठे?"

"तुमच्यात."

मग त्याने समजावलं. दणकट यंत्रात आहे त्याहून जास्त मेमरी सगळ्या बिऱ्हाडांना मिळून कबूल केलेली असते. यंत्राची ओढाताण झाली की ते प्रत्येकाच्या घरात आधीच बसवून ठेवलेला बलून ड्रायव्हर फुगवतं. तो आतल्या कर्नलकडे मेमरी मागतो. आपलाच माणूस म्हणून कर्नल देतं, आणि तो ती मागच्या दाराने घरमालकाला पोचवतो.

"पण ३२ आमच्या नावावर आहे ना?"

"आहे ना सर. पण सगळे एकदम थोडीच मागतात?"

"अरे, महिनाअखेरीला सगळेच एकदम मागतात!"

तो ओशाळला, पण मी त्याला काय बोलणार? ठाण्याहून पनवेल गाडी पकडणारा मी. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागताना रोज हेच म्हणतो, "जरा सरका हो, दहा मिनिटांचाच प्रश्न आहे." आणि दिघा गावला खिडकीवाल्याने जरा सैल बसायचा प्रयत्न केला की मीच त्याच्याकडे रागाने बघतो.

त्याने आमच्या पुरत्या ३२ जीबीचं रिझर्व्हेशन करून दिलं. दोन क्लिक. बलून फुस्स. रिपोर्ट दोन मिनिटांत. मी स्वॅपिनेस १ केला, पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसचा ओओएम स्कोअर उणे १००० केला, म्हणजे नवरदेवाला कोणी उठवणार नाही, आणि सगळं कर्नलच्या सेटिंगांच्या (sysctl) फायलीत नि सर्व्हिसच्या फायलीत लिहून ठेवलं. नाहीतर रीबूटनंतर कर्नल पुन्हा आईच्या वळणावर जातं.

संध्याकाळी साहेबांचा मेल आला, सगळ्यांना : "कर्नल ट्यूनिंगमुळे प्रश्न सुटला." बलूनचा उल्लेख नव्हता. मी 'रिप्लाय ऑल' दाबलं, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं, आणि "धन्यवाद सर" एवढंच लिहिलं.

रविवारी बायकोने फॉल्स सीलिंगवाल्याला बोलावलं होतं. त्याने माळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा काढायचा ना?" आई गप्प. बायको माझ्याकडे बघतेय.

"काढू नका," मी म्हणालो. "थोडासा तरी राहू दे."

आईने काही न बोलता स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, आणि लेमन सेट वर होता.