रंग जुळला नाही म्हणून फोटोच्या कडेला

आज ऑफिसात नवरात्रातला मोरपंखी दिवस होता. जेवणाआधी ग्रुप फोटो. आमच्याकडे नवीन लागलेली एक मुलगी आहे, सोलापूरकडची, पहिलीच नोकरी, कर्वेनगरला पीजीत राहते. तिने विटकरी सुती कुर्ता घातला होता. फोटोची जुळवाजुळव करणाऱ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू जरा कडेला हो गं, रंग बिघडतोय. आणि हा परवाच घातला होतास ना?" पोरगी कसंनुसं हसली आणि कडेला झाली. मीही माझी मोरपंखी साडी घेऊन तिच्या शेजारी कडेला जाऊन उभी राहिले. पण संध्याकाळ झाली तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्या मजल्यावर सगळ्यांत नेटकी तीच दिसते. विटकरी, मातकट आणि गडद निळा, एवढेच तिचे रंग. कुर्ते मोजके, पण कुठलीही ओढणी कुठल्याही कुर्त्यावर जाते. कानात कायम तुळशीबागेतले मोठे ऑक्सिडाइज्ड झुमके. लांबून येताना दिसली तरी ओळखू येते. हे ज्यांना दिसत नाही, त्यांनी दुसऱ्याच्या कपड्यांवर बोलू नये.

मला हे दिसतं ते माझ्या आत्यामुळे. आत्या इचलकरंजीची. 1904 सालीच यंत्रमाग आला ते गाव. तिथे घराघरात कापडाची जाण. मी कॉलेजला जाणार म्हणून तिने पांढऱ्या पॉपलिनचा कटपीस आणला आणि ओटीत आलेला हिरवा खण ट्रंकेतून काढला. ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही म्हणून मला खिडकीत उभं केलं, खण गळ्याशी धरला आणि म्हणाली, "हा तुझा रंग. बाकीच्यांच्या मागे लागू नकोस." त्या खणाचा योक, म्हणजे गळ्याखालचा छातीवरचा तुकडा, आणि बाह्यांना त्याचेच काठ. तो कुर्ता मी कॉलेजात इतका घातला की नाव माहीत नसलेले लोकही मला त्यावरून ओळखायचे. कोणी "परत तोच?" असं विचारलं नाही. उलट मुली विचारायच्या, कुठून शिवलास?

आणि आता हे नऊ रंग! वीसेक वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतून हे सुरू झालं. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, शनिवार राखाडी; बरेचसे रंग तर वारावरून ठरतात. देवीने कुणाला मोरपंखी मागितलाय? माझ्या आजीने आयुष्यभर घट बसवले, साडी जी धुतलेली असेल ती. आता पीजीचं भाडं भरून उरलेल्या पगारातून मुलींनी नऊ रंगांचे कपडे आणायचे, एकदा घालायचे आणि दिवाळीत बोहारणीला द्यायचे. तीही ते पॉलिस्टर घेत नाही.

ठीक आहे, बायकांना त्यात मजा येते, लोकलच्या डब्यात सगळ्या एका रंगात छान दिसतात, मान्य. मजा करा. पण ती सक्ती झाली की मला राग येतो, आणि आज ती सक्तीच होती.

अजून एक. "आजकाल ऑनलाइन दोन-तीनशेत कुर्ता मिळतो, मग काय अडचण?" असं कोणीतरी म्हणेलच. मिळतो. शिलाई कापडापेक्षा महाग झालीय, हेही खरं. पण तो कुर्ता उलटा करून बघा. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, सोडलेलीच नसते, टिपेला लागून ओव्हरलॉक. जरा अंग भरलं की सैल करायला जागा नाही. आत्या कपडा हातात घेतला की आधी उलटा करायची. मग खांदा बघायची. लांबी कमी करता येते, बाह्या अरुंद करता येतात, कमरेत टीप मारता येते. खांदा उतरला असेल तर टेलर हात जोडतो. म्हणून खांद्याला बसतो तोच घ्यायचा आणि बाकीचं कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्याकडून करून घ्यायचं. तेवढ्याने फॅशन स्ट्रीटचा कुर्ता अंगावर शिवल्यासारखा बसतो. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, म्हणजे नंतर फारसं आटत नाही. गडद रंग उलटा करून सावलीत वाळवायचा. माझा खणाचा कुर्ता इतकी वर्षं टिकला तो असाच.

आईच्या साड्यांचंही तेच. साडेपाच मीटर कापड असतं. पदर विरला असेल तरी आतल्या भागात एक कुर्ता आणि ओढणी सहज निघते, आणि तसली दुसरी पुण्यात कुणाकडे नसते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. आत्याची आठवण येतेय. ती गेली तेव्हा तिच्या कपाटात मोजक्याच साड्या निघाल्या, सगळ्या इरकली नाहीतर सुती, सगळ्या गडद. प्रत्येक बघून आम्हाला वाटलं, ही तर आत्याच.

त्या मुलीला आज निघताना मी थांबवलं. विचारलं, कुर्ता कुठून घेतलास? म्हणाली, "मॅडम, आईने शिवलाय." अंगावरचा विटकरी योक नीट पाहिला, टीप अगदी सरळ होती. मी तिला सांगितलं की उद्याही हाच घालून आलीस तरी चालेल, आणि कोणी काही बोललं तर मला सांग.

माझ्या कपाटात ओटीत आलेले ब्लाउजपीस साठलेत, काही खणाचे, काही टू बाय टूचे सुती. पॉलिस्टरचे मी कुणाला देणार नाही. बाकीच्यांतले तिच्या आईला जे उपयोगी पडतील ते सोमवारी तिच्याकडे देतेय. तुमच्याकडे पडून असतील तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.