ट्रॉल्या अडवल्या की दर ठरतो, पण बिल?

रामराम दादा,

थकीत ऊसबिलाचा विषय विधिमंडळात कसा न्यायचा, हे मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही कवठेमहांकाळहून लिहिलंत: 'निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, पेपरात बातमी आली की बास. आमदारच कारखान्याचा चेअरमन, तो स्वतःविरुद्ध प्रश्न विचारणार का? चौकात टायर पेटला, ट्रॉल्या अडवल्या की आठ दिवसांत दर जाहीर होतो. कायदे हायतच की, पाळतंय कोण?'

दोन ओळींत उरकावी अशी ही प्रतिक्रिया नाही, कारण ती निम्मी खरी आहे.

आधी खरं ते. फोटोतलं निवेदन बहुतेक वेळा वायाच जातं. 'प्रति, मा. जिल्हाधिकारी', खाली माहितीस्तव म्हणून मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारापर्यंत आठ-नऊ जण, आणि मागण्या बारा: दर द्या, वीज दिवसा द्या, कर्जमाफी करा, टेंभूचं आवर्तन सोडा. आवक-जावकचा शिक्का बसतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो आणि कागद खाली सरकतो. बारा मागण्या म्हणजे बारा खाती, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी कुणा एकावर येत नाही. शेवटी तो कागद जिथं थांबतो तिथल्या माणसाला त्यातल्या एकाही गोष्टीचा अधिकार नसतो.

म्हणून पहिला प्रश्न दाराचा: कुठली मागणी कुणाच्या दारात न्यायची. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच रास्त व किफायतशीर दर, केंद्र ठरवतं. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळ मंजूर करतं आणि देणं-घेणं चालतं ते ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. 'एफआरपी वाढवा' हे निवेदन घेऊन नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा नेला, तर राज्याचा मंत्री 'केंद्राकडे पाठपुरावा करू' म्हणून मोकळा. त्या मागणीचं दार खासदाराचं. उलट गाळप परवाना, थकबाकीची वसुली, काटा, आणि २०१३ च्या राज्य कायद्यातला ऊसदर नियंत्रण मंडळाचा विषय (साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नात शेतकऱ्याचा ७० टक्के वाटा, नुसती साखर धरली तर ७५ टक्के) हे सगळं राज्याचं. इथं आमदार चालतो. आणि प्रशासनात सांगलीचा माणूस जातो कोल्हापूरच्या साखर सहसंचालकांकडे, साताऱ्याचा पुण्याच्या. कऱ्हाडचा अर्ज कोल्हापुरात गेला तर तो पुण्याला वर्ग व्हायलाच पंधरवडा जातो.

दार चुकलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण सरकारनंच घालून दिलंय. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयानं एफआरपीचे दोन तुकडे केले. आपल्या पुणे विभागात पहिला हप्ता ठरवून दिलेल्या पायाभूत उताऱ्यावर (२०२४-२५ ला १०.२५ टक्के), उरलेला हंगाम संपून खरा उतारा निघाल्यावर. कागदावर निरुपद्रवी दिसतं. हिशोब करून बघा. २०२४-२५ ला दर होता ३४० रुपये क्विंटल, वाढ दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. कारखान्याचा उतारा ११.५ टक्के धरला तर १.२५ टक्के जादा, म्हणजे साडेबारा टप्पे, ४१ रुपये ५० पैसे. टनाला ३,८१५. तोडणी-वाहतूक ८५० धरली तर हातात २,९६५ यायला हवेत. पहिला हप्ता मात्र ३,४०० वजा ८५०, म्हणजे २,५५०. टनामागं ४१५ रुपये मागं राहिले. साठ टन ऊस घालणाऱ्याचे २४,९०० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडं बिनव्याजी. लागणीच्या खताचा, सोसायटीच्या हप्त्याचा काळ नेमका तोच.

१७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. राजू शेट्टींची याचिका होती. मुद्दा भावनेचा नव्हता, अधिकाराचा होता: केंद्राच्या आदेशात बसत नाही ते राज्य शासन निर्णयानं करू शकत नाही. तुम्ही म्हणाल, मग हे कोर्टानं केलं, निवेदनानं नाही. बरोबर. पण तीन हंगाम मधे गेले, आणि त्या तीन हंगामांत दोन्ही जिल्ह्यांतल्या बहुतेक निवेदनांत काय होतं? 'दोन टप्पे अन्यायकारक आहेत, रद्द करा.' हा बदल करायचा अधिकार राज्याला कोणत्या कलमानं मिळाला, हा एका ओळीचा प्रश्न ज्या कागदावर असतो त्याला 'शासन सकारात्मक आहे' असं उत्तर देता येत नाही.

आता 'कायदे हायतच की' याबद्दल. ऊस नियंत्रण आदेशातल्या खंड ३(३) मध्ये चौदा दिवसांत पैसे, ३(३अ) मध्ये उशिराला वर्षाला १५ टक्के व्याज. वरच्याच साठ टनांचं बिल १,७७,९०० रुपये. ४५ दिवस उशीर झाला तर व्याज ३,२९० रुपयांच्या आसपास. एकट्याला थोडं वाटतं, म्हणून कुणी मागत नाही. पण गावातल्या दोनशे जणांचं एकत्र मागितलं की साडेसहा लाखांच्या वर जातं, आणि तिथं कारखान्याच्या लेखा विभागाला घाम फुटतो.

हे व्याज हातातून निसटतं ते तीन जागी.

एक, चौदा दिवस कुठून मोजायचे? कारखाना पंधरवडा संपल्यापासून मोजतो, आदेश ऊस पोचल्यापासून मोजतो. पुरावा म्हणजे काटा पावतीवरची तारीख. पावत्या तोडकऱ्याकडं नाहीतर ट्रॅक्टरवाल्याकडं राहतात आणि हंगाम संपेपर्यंत धुऊन जातात. त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. थर्मल कागदाची पावती तर उन्हाळ्यापर्यंत कोरी होते.

दोन, पैसे 'दिले' म्हणजे कधी? बिल जिल्हा बँकेत जातं, तिथं सोसायटीचं कर्ज वळतं होतं आणि उरलेलं खात्यावर येतं. कारखाना त्याच्या यादीची तारीख दाखवतो. तुम्ही पासबुकातली जमेची तारीख धरा, दोन्ही शेजारी-शेजारी लिहा.

तिसरी जागा सगळ्यात वाईट, आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. ३(३) ची सुरुवातच अशी आहे की दोन्ही पक्षांत वेगळा लेखी करार नसेल तर चौदा दिवस. म्हणजे करार असला तर संपलं. हा करार कुठं असतो? ऊस नोंदीच्या छापील अर्जावर. पुढं नाव, गट नंबर, जात को ८६०३२ की २६५, लागणीची तारीख. मागं बारीक टाइपात अटी. त्यात कुठंतरी 'कारखाना ठरवेल त्या टप्प्यांत व त्या मुदतीत ऊसदर स्वीकारण्यास माझी संमती आहे' अशा अर्थाचं वाक्य सापडतं. जुलैत आडसाली लागण झाली की चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा ऊस नोंदवणारा माणूस, बांधावर येतो आणि आपण मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही करतो. दीड वर्षानं व्याज मागायला गेलं की तीच सही समोर येते.

रस्त्यावर हे सुटत नाही. सुटायचं तर दोन कागद लागतात. नोंदीच्या वेळी त्या अटीवर आडवी रेघ मारून 'मान्य नाही' लिहून सही करायची आणि दोन्ही बाजूंचा फोटो ठेवायचा. एकट्यानं केलं तर नोंद नाकारतील, सगळ्या शिवारानं केलं तर नाकारता येत नाही. दुसरा कागद खासदाराकडं: आदेशातली ही 'लेखी करार नसेल तर' सवलत काढा. नुसतं 'शेतकऱ्यांना न्याय द्या' नाही. कुठल्या खंडातले कुठले शब्द वगळायचे, तेवढंच. एका पानाचं, सोबत तीन-चार कारखान्यांच्या नोंद अर्जांच्या प्रती. लोकसभेच्या प्रश्नाला किमान १५ दिवस आधी सूचना लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा तर तुम्ही पाहिलाच असेल: 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. हा साचा बिनकामाचा वाटतो, पण सगळा डाव पहिल्या वाक्यात असतो. समजा असं लिहिलं:

'(१) सांगली व सातारा जिल्ह्यांतील सर्व साखर कारखान्यांनी ऊस उत्पादकांची कोट्यवधींची देयके थकवून पिळवणूक चालविली आहे, हे खरे आहे काय?'

एका जरी कारखान्यानं पैसे दिले असतील तरी अधिकारी निवांत लिहितो: '(१) हे खरे नाही. (२) ते (४) प्रश्न उद्भवत नाही.' आणि ते उत्तर खोटंही नसतं! 'सर्व' या एका शब्दानं खालचे तीनही प्रश्न मारले. त्याऐवजी:

'(१) सांगली जिल्ह्यात दिनांक १५ डिसेंबरपर्यंत गाळप झालेल्या उसाची एफआरपीची पूर्ण रक्कम ३१ डिसेंबरपर्यंत काही कारखान्यांनी अदा केलेली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, कारखानानिहाय थकीत रक्कम किती आहे, (३) खंड ३(३अ) अन्वये व्याज किती कारखान्यांकडून वसूल करून किती शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा केले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

इथं 'काही' आहे, तारीख आहे. 'हे खरे नाही' लिहायला जागा उरत नाही. फार तर 'हे अंशतः खरे आहे' येतं, आणि ते आपल्याला चालतं, कारण मग दोन आणि तीनला आकडा द्यावा लागतो. आणखी एक प्रश्न हल्ली घालायलाच हवा: बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते) किंवा थेट सिरप इथेनॉलला वळवल्यानं जो उतारा घटतो, तो कोणत्या कारखान्यानं किती धरून एफआरपीत मिळवला? उतारा कारखान्याच्याच प्रयोगशाळेत निघतो. उताऱ्याचा ०.१ टक्का म्हणजे टनाला जवळजवळ ३५ रुपये, म्हणून ही ओळ सोडू नका.

आकडे आधी हातात हवेत. खासगी कारखान्याला माहितीचा अधिकार लागत नाही, सहकारीही हात वर करतात. पण कारखाने साखर आयुक्तालयाला पंधरवड्याला एफआरपीचा अहवाल देतात. तो तिथून मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, फी १० रुपये. दोन विषय घातले की पहिल्याचंच उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात.

आणि चेअरमन-आमदार. तुमचा हा मुद्दा सगळ्यात खरा. पण प्रश्न आपल्याच आमदारानं विचारला पाहिजे असा नियम नाही. विदर्भातला सदस्य सांगलीच्या उसावर प्रश्न लावू शकतो. त्याला कारखाना नाही आणि आपल्याकडं मतही मागायचं नाही. विधान परिषदेत पुणे विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे सदस्य असतात, त्यांत सातारा-सांगली दोन्ही येतात. ऊस पिकवणाऱ्या घरांत पदवीधर पोरं कमी नाहीत, फक्त ती मतदार म्हणून नोंदलेली नसतात. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. मागं नाव होतं म्हणून पुढं राहील असं नाही.

ट्रॉल्या अडवण्याबद्दल. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागणी ठरते, गाळप सुरू होताना ऊस अडतो आणि पहिल्या उचलीचा (हप्त्याचा) आकडा फुटतो. हे होतं, आणि कागदानं हे झालं नसतं. पण वेळेची बाजू कायम आपल्याकडं नसते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कारखाना अडचणीत असतो. पुढं तुरा फुटतो, वजन घटायला लागतं, खोडव्यावाल्याला रान मोकळं करून गहू-हरभरा टाकायचा असतो, आणि अडवणारेच तोडीसाठी चिटबॉयच्या मागं फिरतात. मग रात्री बैठक होते, तोंडी आकडा ठरतो, गुलाल उडतो. दुसऱ्या दिवशी त्या बैठकीचं इतिवृत्त कुणी मागत नाही. उरलेली रक्कम कधी, गेल्या हंगामाचा फरक कधी, आणि बैठकीला न आलेल्या कारखान्यांना हे लागू का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. बैठक सोडण्याआधी इतिवृत्तावर सहकार खात्याच्या अधिकाऱ्याची आणि कारखान्याच्या प्रतिनिधीची सही घ्या. तेवढ्यासाठी आंदोलन अर्धा दिवस लांबलं तरी चालेल.

वसुलीचं प्रमाणपत्र, आपण ज्याला आरआरसी म्हणतो, तेही उशिरा मागितलं की पोकळ निघतं. साखर आयुक्त काढतात, जिल्हाधिकाऱ्यांकडं येतं, तहसीलदार गोदामावर जातो तेव्हा साखर आधीच बँकेकडं तारण असते. म्हणून तक्रार हंगाम चालू असतानाच करा, मे महिन्यात नको. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, पण 'उसाला चार हजार दर मिळावा' असा नको. कारखान्यावर ग्रामसभेची हुकूमत नाही, तिचा उपयोग पुराव्यापुरता. ठरावात किती शेतकरी, किती टन, कोणत्या तारखेचा ऊस, किती दिवस थकीत एवढंच. खाली सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक आणि ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) साक्षांकित प्रत. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेत नवा विषय घेता येत नाही, म्हणून हा विषय आधीच अजेंड्यावर घाला.

तुमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या नोंद अर्जांची मागची बाजू आमच्याकडं अजून नाही. दोन-तीन जणांचे अर्ज मिळाले तर नाव आणि गट नंबर झाकून फोटो पाठवा. मुदतीची अट कोणत्या शब्दांत घातलीय ते बघून खासदारांकडं द्यायच्या पानात तेच शब्द घालू.