मावशी, ते रिबेटचे पैसे येतील ना?

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. टेक्सासमध्ये एमएस करतोय, पहिलंच वर्ष. कॉम्प्युटर स्वतः जोडायचा म्हणून त्याने पॉवर सप्लाय आणि एसएसडी घेतली. दोन्हींवर मिळून ५५ डॉलरचं मेल-इन रिबेट. "मावशी, दुकानात पूर्ण पैसे घेतले. आता फॉर्म भरून पोस्टाने पाठवायचाय. येतील ना गं पैसे?"

मी त्याला विचारलं, ५५ डॉलर परत येणारच नाहीत असं धरलं असतंस तर हीच वस्तू घेतली असतीस का? तो जरा थांबून म्हणाला, नाही, शेजारीच ठेवलेली दुसऱ्या कंपनीची घेतली असती, ती ३० डॉलरने स्वस्त होती. त्या एका वाक्यात रिबेटचं सगळं काम झालेलं आहे. पैसे येवोत न येवोत, विक्री झाली. फोन ठेवल्यावर वाटलं, हे नीट लिहून काढावं, कारण दरवर्षी नवीन मुलं येतात आणि दरवर्षी हाच प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतं.

आमच्या घरी रिबेट हा शब्द वर्षातून एकदाच ऐकू यायचा, गांधीजयंतीच्या सुमारास. बाबा खादी भांडारात घेऊन जायचे. शर्टाचं कापड, एखादी सतरंजी. बिलावर मूळ किंमत, त्याखाली 'रिबेट' असं लिहून वजा केलेली रक्कम, त्याखाली द्यायचे पैसे. तेवढे दिले की व्यवहार संपला. रिबेट म्हणजे सूट, आणि सूट म्हणजे खिशातून कमी पैसे जाणं, एवढंच मला माहीत होतं. २००२ साली मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरीसाठी आले, तेव्हा तोच शब्द डोक्यात तोच अर्थ घेऊन आला होता.

त्या काळात तिथे राहिलेल्यांना आठवत असेल, शुक्रवारच्या 'सॅन होजे मर्क्युरी न्यूज'मध्ये फ्राइज इलेक्ट्रॉनिक्सची पानभर जाहिरात यायची. आम्ही चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि तो पेपर खास त्या पानासाठी घ्यायचो. राउटर, कोऱ्या सीडींची चवड, मेमरी, कीबोर्ड. मोठ्या अक्षरात किंमत, तिच्याखाली बारीक अक्षरात 'आफ्टर रिबेट'. कधी कधी 'फ्री आफ्टर रिबेट'. फुकट! भारतात जाताना बॅगेत काय न्यायचं याचा प्रश्नच मिटायचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दुकानात पूर्ण किंमत द्यायची. सेल्स टॅक्ससुद्धा त्या पूर्ण किमतीवर, म्हणजे जी सूट मिळणार तिच्यावरही कर भरायचा. घरी येऊन खोक्यावरचा बारकोड कात्रीने कापायचा. तो कापला की वस्तू परत करायची वाट बहुतेक बंदच. मग फॉर्म, बिल, बारकोड असं पाकिटात घालून ३७ सेंटचं तिकीट लावून पाठवायचं. मुदत कधी ३० दिवस, कधी १५, कधी ७. पाकीट कंपनीकडे जात नसे. मिनेसोटातल्या यंग अमेरिका नावाच्या छोट्या गावी किंवा टेक्सासच्या एल पासोच्या एखाद्या पोस्ट बॉक्सवर जायचं. तिथे हे काम ठेक्याने करणाऱ्या वेगळ्या कंपन्यांचे पत्ते होते. मग ८ ते १२ आठवडे वाट पाहायची.

२००३ च्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी मी पहाटे चार वाजता रांगेत उभी राहून एक हार्ड डिस्क घेतली. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, आज त्याने काही साधायचं नाही. किंमत १२९.९९ डॉलर. दुकानाचं रिबेट ३०, उत्पादकाचं ४०. दोन वेगळे फॉर्म, दोन वेगळे पत्ते, आणि दोघांनाही हवा मूळ बारकोड. खोक्यावर बारकोड एकच. मी मूळ तुकडा दुकानाच्या पाकिटात घातला, उत्पादकाला झेरॉक्स पाठवली. दहा आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं: बारकोड मूळ नाही, अर्ज नामंजूर. फोन केला. पाऊण तास वाट पाहिली. पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, मूळ बारकोड पाठवा, आम्ही पुन्हा बघू. तो तर दुसऱ्या पाकिटातून गेलेला. तो परत कसा आणायचा, हे तिलाही सांगता येईना.

४० डॉलर गेले. त्या वेळी मी दर महिन्याला घरी पैसे पाठवत होते आणि ४० डॉलर ही माझ्यासाठी आठवड्याच्या किराण्याची रक्कम होती.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा आले. बाबांची सगळी नोकरी पोस्टात गेली, साताऱ्याच्या आसपासच्या गावांतून. मी जेवणाच्या टेबलावर राउटरच्या खोक्याचा यूपीसी, म्हणजे तोच बारकोड, कापत बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं काय करतेस. मी म्हटलं, यूपीसी पाठवायचाय. ते खुश झाले. त्यांच्या लेखी यूपीसी म्हणजे अंडर पोस्टल सर्टिफिकेट. साधं पत्र टाकताना कागदावर पत्ता लिहून, तिकीट लावून खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा. पत्र पोचल्याचा पुरावा नाही, पण अमुक तारखेला टाकल्याचा पुरावा. आपल्याकडे नोकरीचे अर्ज, सभांच्या नोटिसा वर्षानुवर्षं तशा जायच्या. २०११ मध्ये टपाल खात्याने ती सोय बंद केली.

मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, "हे पाकीट तू वेळेत टाकलंस, हे कसं सिद्ध करणार?" मी म्हटलं, पोस्टाचा शिक्का असतो की. "शिक्का पाकिटावर, आणि पाकीट त्यांच्याकडे. तुझ्याकडे काय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर पोस्टात आले आणि आपल्या इंग्रजीत खिडकीवरच्या बाईंना त्यांनी विचारलं, पत्र टाकल्याचा दाखला मिळतो का. मिळतो! अमेरिकेच्या टपाल खात्यात त्याला सर्टिफिकेट ऑफ मेलिंग म्हणतात, आजही मिळतो. डॉलरच्या आतच पैसे पडले. बाईंनी गोल शिक्का मारून कागद दिला आणि बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

नऊ आठवड्यांनी कार्ड आलं: पाकीट मुदतीनंतर टाकलं, अर्ज नामंजूर. मी त्या शिक्क्याच्या कागदाची प्रत पाठवली. तीन आठवड्यांत ३० डॉलरचा चेक आला. तोही अशा पातळ पोस्टकार्डावर की जाहिरात समजून मी जवळजवळ टाकून देणार होते.

बाबांनी तेव्हा एक गोष्ट लक्षात आणून दिली. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार'. दुकानदार गिऱ्हाईकाला उधारी नाकारतो. इथे गिऱ्हाईकच कंपनीला उधार देतंय, बिनव्याजी, तीन महिने, आणि वसुलीची सगळी यातायातही गिऱ्हाईकाच्याच गळ्यात.

मी नंतर याबद्दल मिळेल ते वाचत गेले. या धंद्यात 'ब्रेकेज' असा शब्द आहे. म्हणजे जाहीर केलेली, पण शेवटी द्यावीच न लागलेली रिबेटं. काहीजण फॉर्म पाठवतच नाहीत, काहींचे नामंजूर होतात, काहींना चेक मिळतो पण वटवायचा राहतो. ही गळती अपघाताने होत नाही. ती हिशेबात आधीच धरलेली असते. १०० लोकांना ४० डॉलर देऊ म्हणायचं आणि त्यातल्या किती जणांना खरंच द्यावे लागतील याचा अंदाज बांधून मगच किंमत ठरवायची. शिवाय छापील किंमत खाली येत नाही, दुकानांत आधीच पडून असलेल्या मालाच्या किमतीतला फरक उत्पादकाला दुकानांना द्यावा लागत नाही, आणि ऑफर संपली की किंमत जागच्या जागी.

हा हिशेब चुकला तर काय होतं हे २००१ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कची सायबररिबेट डॉट कॉम ही कंपनी बाजारभावाच्या कित्येक पट किमतीला वस्तू विकायची आणि पूर्ण किमतीचं रिबेट द्यायची. सगळा डोलारा उभा होता तो बरेच लोक मागायला येणार नाहीत यावर. लोक आले. मे २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो गिऱ्हाइकं कोर्टात घेणेकऱ्यांच्या यादीत रांग लावून बसली.

त्याहून मला जास्त लागलं ते कॉम्पयूएसए या कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानांच्या साखळीचं प्रकरण. क्यूपीएस नावाची कंपनी सीडी ड्राइव्ह वगैरे बनवायची. तिची रिबेटं कॉम्पयूएसएच्या दुकानांतून जाहीर व्हायची. क्यूपीएस पैसे देईना, तक्रारी दुकानाकडे येत होत्या, तरी दुकान त्याच जाहिराती करत राहिलं, असा फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा, आरोप होता. क्यूपीएस दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये तडजोड झाली आणि क्यूपीएसची थकलेली रिबेटं कॉम्पयूएसएने द्यावीत असं ठरलं. 'ते उत्पादकाचं रिबेट आहे, आमचा संबंध नाही' हे वाक्य आम्ही काउंटरवर इतक्या वेळा ऐकलं होतं, की ही बातमी मी कापून फ्रिजवर लावली होती.

२००७ मध्ये इनफॉनिक या ऑनलाइन मोबाइल विकणाऱ्या कंपनीवरही कमिशनने कारवाई केली. तिथे तर फोन घेतल्यावर काही महिने थांबूनच अर्ज करता यायचा, सोबत फोनची बिलं जोडायची, आणि या अटी गिऱ्हाइकाला वेळेवर कळायच्याच नाहीत. त्याच वर्षी तीही दिवाळखोरीत गेली.

लोक वैतागले होते हे मोठ्या दुकानांनाही कळलं. बेस्ट बायने २००५ मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत मेल-इन रिबेटं बंद करू. ऑफिसमॅक्सने पुढच्या वर्षी बंद केली. सूट द्यायची तर काउंटरवरच देता येते हे तेव्हाच सिद्ध झालं. खादी भांडाराला ते कायमच जमत होतं.

माझे काही मित्र म्हणतात, आम्हाला तर नेहमी मिळाले पैसे. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. ज्यांच्याकडे स्कॅनर आहे, फाइल आहे, एकच पत्ता वर्षानुवर्षं आहे, त्यांना बहुतेक वेळा मिळतात. मलाही बाबांच्या त्या धड्यानंतर एक सोडून सगळे मिळाले. पण माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला मिळालेले ४० डॉलर कुणीतरी न मागितलेल्या ४० डॉलरांतून आलेत. तो कोण? जो दोन नोकऱ्या करतो. जिला फॉर्मचं इंग्रजी कळत नाही. आपल्यातलाच कन्सल्टंट, ज्याचं प्रोजेक्ट तीन महिन्यांत बदललं, जो न्यू जर्सीहून डॅलसला गेला आणि ज्याचा चेक जुन्या दारात पडून राहिला. अशा माणसांच्या अडचणीवर बेतलेल्या किमतीवर विश्वास ठेवावा असं मला वाटत नाही, मग एखाद्या वेळी माझा चेक वेळेवर येवो.

कनेक्टिकटमधला नियम मला योग्य वाटतो. दुकानाने रिबेट वजा करून किंमत जाहीर केली, तर ती रक्कम दुकानाने खरेदीच्या वेळीच द्यायची. सगळीकडे हाच नियम असावा. देशभरासाठी फेडरल ट्रेड कमिशन एवढंच म्हणतं की जी मुदत सांगितली त्यात पैसे द्या, मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत. चांगलं आहे, पण तक्रार करायचं ओझं पुन्हा गिऱ्हाइकावरच.

आता फॉर्म बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन भरतात, चेकऐवजी प्रीपेड कार्ड येतं. कार्डाला मुदत असते आणि त्यावर उरलेले ३ डॉलर १७ सेंट बहुतेक लोक सोडून देतात. म्हणजे गळती आहेच, जागा बदलली. मेनार्ड्स या घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांची ११ टक्के रिबेटची जाहिरात मध्य-पश्चिमेत राहणाऱ्यांना पाठ असेल. ती सूट बिलात मिळत नाही, नंतर त्याच दुकानात वापरायचं क्रेडिट येतं. जाहिरातीतून हे नीट कळत नाही, या आरोपावरून दहा राज्यांशी ४२.५ लाख डॉलरची तडजोड त्यांना करावी लागली. पुण्यात माझ्या भावानेही फ्रिज घेतला तेव्हा बँकेचा कॅशबॅक '९० दिवसांत जमा' असा होता. त्याला मी तेच सांगितलं: तारीख लिहून ठेव, आणि तोवर फ्रिज पूर्ण किमतीला घेतलाय असंच समज.

भाच्याला मी रागावले नाही. वस्तू घेऊन झाली होती, गुरुवारी मुदत संपत होती. त्याला म्हटलं, कात्री हातात घेण्याआधी वस्तू चालते का बघ, कारण कापल्यावर परत करता येणार नाही. फॉर्म अक्षरन् अक्षर वाच, मूळ काय मागितलंय आणि प्रत कशाची चालते ते बघ. बारकोड, बिल, फॉर्म, पाकिटावरचा पत्ता, सगळ्याचे फोटो काढ. दोन रिबेटं दोन पाकिटांत, एकत्र घालू नकोस. आणि रस्त्यातल्या निळ्या टपालपेटीत टाकू नकोस, पोस्टात खिडकीवर जा.

"खिडकीवर काय सांगू?"

मी त्याला शब्द सांगितले. गुरुवारी दुपारी त्याने दोन कागदांचे फोटो पाठवले. शिक्के गोल आहेत, तारीख ठसठशीत उमटली आहे.