भूमिगतांना लपवणाऱ्या घरांमधल्या बायका

ऑगस्ट आला की मोबाईलवर तेच चार-पाच फोटो फिरायला लागतात. कस्तुरबा, सरोजिनी नायडू, अरुणा असफ अली, खाली नारीशक्तीला सलाम वगैरे, आणि १६ तारखेला सगळं गप्प. या बायका मोठ्याच होत्या, त्यात वादच नाही. पण मला बरेच दिवस एक गोष्ट बोलायचीये. स्वातंत्र्यलढ्यातली बाई आपण फक्त तीन गोष्टींवर मोजतो, तुरुंगात गेली का, गोळी खाल्ली का, भाषण केलं का. यातलं काही असेल तर ती स्वातंत्र्यसैनिक, नसेल तर 'घरच्यांची मोलाची साथ लाभली' या एका ओळीत तिला गुंडाळलं की झालं. हे मला अजिबात पटत नाही.

साताऱ्याचं प्रतिसरकारच घ्या ना, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावोगावी चालवलेलं समांतर सरकार. १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, त्यांचं लढाऊ दल तुफान सेना, पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी लुटली, गावोगावी न्यायनिवाडे केले, हे सगळं आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण भूमिगत राहायचं म्हणजे नक्की काय हो? कुणाच्या तरी घरात राहायचं. रात्री-अपरात्री कडी वाजणार, दारात आठ-दहा दमलेली माणसं, घरात असेल नसेल ते पीठ काढून भाकऱ्या थापायच्या, तेही असं की शेजारच्याला चुलीचा उजेड दिसता कामा नये कारण खबऱ्या कोण असेल सांगता येत नाही, आणि सकाळी पोलीस आले की त्यांच्या तोंडावर 'आमच्याकडं कोण नाय आलं' म्हणायचं. कार्यकर्ते पहाटेच पुढच्या गावाला निघून जायचे. ती घरातली बाई कुठं जाणार? लेकरं तिथं, गुरं तिथं, म्हातारी सासू तिथं. पकडायला सगळ्यात सोपी तीच होती, आणि तरी दार उघडत होती. याला मी साथ म्हणणार नाही, हाच लढा होता.

हौसाताई पाटलांची गोष्ट बघा, नाना पाटलांची मुलगी. वडील भूमिगत, सरकारनं घर-जमीन जप्त केलेली, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलं. लोकांच्या मनात इतकी भीती की यांना कुणी मीठसुद्धा देईना, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. अशा घरात वाढलेली ही पोरगी पुढं तुफान सेनेची कामं करायला लागली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक माणूस तिला मारतोय असं सोंग केलं, आरडाओरडा ऐकून पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. सोंग खरं वाटावं म्हणून मार खराच होता, आणि त्याची तक्रार त्या म्हातारपणीही करायच्या! पुढं पोर्तुगीजांच्या तुरुंगातल्या एका साथीदाराला सोडवायच्या कामावर गोव्याला गेल्या, अंबाड्यात चिठ्ठी लपवून तुरुंगात पोचवली, आणि परतताना रात्रीच्या अंधारात लाकडी पेटीच्या आधारानं मांडवी नदी पार केली. घरी लहान मूल ठेवून. २०२१ मध्ये ९५ व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा किती जणांना पत्ता होता?

आणि हौसाताईंचं निदान नाव तरी राहिलं. ज्यांनी नुसतं दार उघडलं आणि तोंड बंद ठेवलं त्यांचं काय?

सरकारी हिशोब कसा चालतो ते बघा. १९७२ मध्ये स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून केंद्रानं स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू केली, चांगलंच केलं. अट होती तुरुंगवासाची, साधारण सहा महिने, बायकांना पुढं सवलत म्हणून तीन महिने. भूमिगत असाल तर फरारी जाहीर केल्याचं, डोक्यावर बक्षीस लावल्याचं किंवा अटकेच्या हुकमाचं काहीतरी दाखवा. म्हणजे पुरावा कुठला, तर इंग्रजांनी लिहून ठेवलेला. आता मला सांगा, जिचं सगळं काम इंग्रजांना कळू न देण्यातच होतं तिनं कुठला कागद आणायचा? काम जितकं चोख तितका पुरावा कमी. तिचा नवरा स्वातंत्र्यसैनिक ठरला आणि तो गेल्यावर तिला पैसे मिळाले ते त्याची विधवा म्हणून, तिच्या स्वतःच्या खात्यावर काहीच नाही. अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाहीये, खोटे दावे रोखायला काहीतरी निकष लागणारच. पण पेन्शनचा निकष तो इतिहासाचा निकष कसा काय झाला?

बाईनं बाहेर पडून लढावं हेसुद्धा आपोआप झालेलं नाही बरं का. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून दांडीयात्रा निघाली तेव्हा गांधीजींबरोबरच्या ७८ जणांत एकही बाई नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय त्यांच्याशी भांडल्या, की बायकांना मिठाच्या सत्याग्रहात घ्यायलाच हवं, आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. मुंबईत अवंतिकाबाई गोखल्यांसारख्या बायकांची वर्षानुवर्षं संघटना बांधून झालेली होती, ती तेव्हा कामी आली. लोक म्हणतात गांधीजींनी बायकांना घराबाहेर काढलं. अर्धं खरं आहे ते. बायका तयार होत्या, दार त्यांनीही आतून ढकललं.

उषा मेहतांचं बघा, १९४२ ला वय २२, मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवायचा, पोलीस मागावर म्हणून सारखी जागा बदलायची, नोव्हेंबरमध्ये पकडल्या गेल्या, महिनोन् महिने चौकशी झाली पण तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली. आता त्या ज्या ज्या जागांमधून बोलत होत्या त्या जागा कुणी दिल्या, तिथं बाहेर लक्ष कोण ठेवत होतं, या सगळ्यांची नावं आपल्याकडं आहेत का?

गोव्याचंही तेच. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाईंबरोबर १९५५ पासून १९६१ पर्यंत सरहद्दीवरच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, सहा वर्षं! सुधाताई जोशींनी १९५५ ला म्हापशात सभा घेतली आणि वर्षानुवर्षं पोर्तुगीजांच्या तुरुंगात काढली. महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांना यातलं एक तरी नाव विचारून बघा.

म्हणून एक मनापासून विनंती. तुमच्या घरात, गावात त्या काळातली कुणी आजी अजून असेल, किंवा तिच्याकडून ऐकलेली लेक-सून असेल, तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, उद्यावर टाकू नका. आणि 'तुम्ही लढ्यात होता का' असं विचारू नका, ती नाहीच म्हणणार, 'आम्ही कसलं काय, आमचं आपलं रांधायचं' म्हणेल. विचारा की रात्री कोण यायचं, किती भाकऱ्या लागायच्या, पीठ कमी पडलं तर कुणाकडून आणायचात, पोलीस आले तेव्हा त्यांना काय सांगितलंत, आणि ते गेल्यावर सासू काय म्हणाली.