पहिलं नाव कुणाचं यावर कर कुणाचा हे ठरत नाही

काका, संयुक्त एफडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ताई, अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका. टीडीएस पहिल्या नावावर कापला जातो, तेव्हा व्याज त्याचंच आणि करही त्याचाच. मी आयुष्य बँकेत काढलंय." शिवाय टीडीएसची, म्हणजे व्याज देतानाच बँक जो कर कापते त्याची, मर्यादा जुनी दिली, १५एच (कर कापू नये म्हणून ज्येष्ठांनी बँकेला द्यायचा फॉर्म) विसरले, लेख उगाच लांबवला, असंही म्हणालात.

मर्यादेचं मान्य. १ एप्रिल २०२५पासून बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर टीडीएससाठी ज्येष्ठांना वर्षाला १ लाख आणि इतरांना ५० हजारांची मर्यादा झाली. माझा लेख त्याआधीचा आहे, त्यात ५० आणि ४० हजार आहेत. वर तारीख होती, तरी आता टीपही जोडली आहे. आभार.

पण "ताई" म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दात वर्गातल्या पोरीला दटावल्यासारखं दटावायचं, हे मला आवडलेलं नाही. चूक दाखवायची तर दाखवा, सूर कशाला चढवायचा? आणि मी घाबरवलं कुणाला? "आपलं २६एएस तपासा", म्हणजे आपल्या पॅनवर किती कर जमा दिसतो तो उतारा बघा, एवढंच तर लिहिलं होतं.

आता तुमचं ते मधलं वाक्य. बँक पहिल्या नावाच्या पॅनवर १० टक्के कापते, हे मी स्वतःच लिहिलं आहे. त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो चुकीचा आहे. नावांचा क्रम बँकेच्या सोयीसाठी असतो. व्याज कुणाच्या उत्पन्नात धरायचं, हे पैसे कुणाचे यावरून ठरतं. नवऱ्याने स्वतःचे पैसे घालून बायकोचं नाव पहिलं लावलं, तरी १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ६४प्रमाणे ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. मग कापलेला कर बायकोच्या पॅनवर अडकून का पडावा?

तो अडकू नये म्हणूनच १९६२च्या आयकर नियमावलीत नियम ३७बीए आहे. त्याचा दुसरा पोटनियम सांगतो की उत्पन्न दुसऱ्याच्या हाती करपात्र असेल, तर टीडीएसचं क्रेडिटही, म्हणजे कापलेला कर आपल्या करात जमा धरून घेणंही, त्या दुसऱ्यालाच. अट एवढीच की ज्याच्या नावावर कपात होते त्याने बँकेला घोषणापत्र द्यायचं. त्यात दुसऱ्याचं नाव, पत्ता, पॅन, व्याजाचा तपशील आणि कारण लिहायचं. मग बँकेने कपात त्या दुसऱ्याच्या नावावर दाखवायची. हा नियम माझ्या लेखात होता. तुम्ही तिथपर्यंत वाचलं की नाही, कोण जाणे.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. बाबांनी निवृत्तीच्या पैशांची एफडी केली आणि आईचं नाव पहिलं लावलं, कारण आपल्यामागे तिला त्रास होऊ नये. आईला स्वतःचं उत्पन्न नाही. बाबांनी सगळं व्याज प्रामाणिकपणे आपल्या विवरणपत्रात दाखवलं, पण कापलेला कर आईच्या २६एएसमध्ये. बाबांना क्रेडिट नाकारलं आणि कर बाकी असल्याची नोटीस आली. ज्या माणसाने जन्मात कधी कर चुकवला नाही, त्याने तो कागद हातात धरून "माझं काय चुकलं?" असं मला विचारलं. बँकेत काउंटरवर उत्तर मिळालं, "असा काही फॉर्म नसतो." फॉर्म नसेल, नियम आहे. साध्या कागदावर नियमाचा क्रमांक टाकून पत्र लिहिलं, पोच मागितली. बऱ्याच हेलपाट्यांनंतर ते घेतलं गेलं, आणि पुढच्या वर्षापासून कपात बाबांच्या पॅनवर दिसू लागली.

म्हणून "पहिलं नाव, त्याचाच कर" असं कुणी ठामपणे सांगितलं की मला राग येतो. असं ऐकून किती जण गप्प बसत असतील! हे पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावं, कारण बँकेने टीडीएसचं तिमाही विवरणपत्र भरल्यावर त्यात दुरुस्ती करून घेणं जिकिरीचं होतं.

१५एच हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. लेख लांबला हे तुमचं मत, ते तुमच्यापाशी.

आणि आयुष्य बँकेत काढलंत म्हणता, तर एकच विचारते. असं घोषणापत्र घेऊन तुमच्या टेबलापाशी कधी कुणी आलं होतं का? आलं असेल, तर तुम्ही ते घेतलंत की परत पाठवलंत?