बागेतल्या छत्र्या आणि वारुळावरची अळंबी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा राग समजला. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या रानातली अळंबी खातात, आणि मी मात्र आमच्या केळीच्या बागेकडेला उगवलेल्या छत्र्या ‘कुणीही खाऊ नका’ असं लिहून त्यांचं ज्ञान मोडीत काढलं, असं तुमचं म्हणणं. शंका असेल तर भाजीत चांदीचं नाणं टाकावं, काळं पडलं नाही तर खुशाल खावं, असंही तुम्ही सुचवलंत.

त्या माणसांच्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच ते नेमकं कशाचं ज्ञान आहे हे बघायला हवं. रानातली जाणती बाई आधी वारूळ बघते. तिथल्या अळंबीचा देठ मुळासारखा जमिनीत खोल जातो, उकरत गेलं तर थेट वाळवीच्या घरापर्यंत. वाळवी लाकूड-पाला खाऊन आत ही बुरशी पोसते आणि पावसाळ्यात तिचीच छत्री वर येते. शास्त्रात तिला टर्मिटोमायसिस म्हणतात. जागा, देठ आणि हंगाम, तिन्ही जुळल्यावरच ती बाई अळंबी टोपलीत टाकते.

आमच्याकडे वारूळ नाही. गवत आहे, कुजलेलं शेणखत आहे. छत्री पांढरी, वर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं, आणि देठ थोडा फुगून वरच्या वरच संपतो. एक छत्री कापून, तिच्या खालच्या पापुद्र्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवली, वरून वाटी झाकली. सकाळी कागदावर मळकट हिरवी भुकटी, म्हणजे छत्रीचे बीजाणू, पडली होती. टर्मिटोमायसिसची भुकटी गुलाबीसर पडते. हिरवी भुकटी आणि हे खवले एकत्र दिसले की ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस नावाची विषारी अळंबी. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात, लहान मुलांना तर ते फारच महागात पडतं. फसगत अशी, की कोवळेपणी तिचे पापुद्रे पांढरेशुभ्रच असतात, हिरवट झाक नंतर येते. लोक तर कोवळीच खुडतात.

नाण्याचं मात्र कृपा करून कुणाला सांगू नका. चांदी गंधकाने काळी पडते, अळंबीच्या विषाने नाही. भाजीत लसूण काळा पडतो का बघायची परीक्षाही तशीच फोल, आणि ‘किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतं’ हेही. अमानिटा नावाच्या अळंबीच्या गटातल्या जीवघेण्या जातींचं विष शिजवूनही जात नाही. त्यात त्रास सुरू व्हायलाच सहा ते बारा तास किंवा जास्त लागतात. मग उलट्या थांबतात, घरच्यांना वाटतं बरं झालं, आणि आत यकृत निकामी होत असतं. अशा वेळी रात्र न काढता उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठावा.

बुरशीनाशक मारा म्हणालात, त्याची गरज नाही. या छत्र्या पिकाला खात नाहीत, कुजका काडीकचरा खातात. पोरं, गुरं फिरतात तिथल्या तेवढ्या उपटून पुरल्या की झालं.

तुमच्याकडची आजी अळंबी घेताना आणखी काय काय तपासते, ते तिला विचारून सविस्तर लिहा. फोटो काढलात तर छत्रीच्या खालच्या बाजूचा आणि पूर्ण उकरलेल्या देठाचा काढा, नुसता वरून नको.