फक्त ऐका

पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला, आम्ही साताऱ्यात. पहिल्याच दिवशी कॉलेजात सगळ्या पालकांना बसवून एका मॅडमनी सांगितलेलं की सपोर्ट करायचा म्हणजे सल्ले द्यायचे नाहीत, फक्त ऐकायचं. आता ऐकायला समोरच्यानं बोलायला नको का? रोज रात्री साडेनऊला फोन. जेवलास? हं. अभ्यास? चालूय. मग तो गप्प आणि मी ऐकतोय, मागं कुणीतरी मोबाईलवर गोळ्या झाडतंय तेवढं ऐकू येतं.

मागच्या महिन्यात सेकंड इयरचा रिझल्ट लागला. यानं आईला फोन केला, एम थ्री राहिला, बाबांना सांगू नको. हिनं फोन ठेवला की लगेच मला सांगितलं, वर शपथ घातली, "अहो, तुम्हाला माहितीये हे त्याला कळता कामा नये." एम थ्री म्हणजे गणित, लाप्लास वगैरे, भल्याभल्यांची केटी लागते त्यात. चाळीसला पास, आमचं घोडं छत्तीसवर बसलं. चार मार्क! मी इकडून तिकडून माहिती काढली, फर्स्ट इयरचं सगळं सुटलेलं असलं तर असा एखादा विषय घेऊन थर्डला जाता येतं, जीव भांड्यात पडला, पण हे त्याला सांगणार कसं, मला तर काही माहीतच नाही ना!

तीन आठवडे दाबून धरलं आणि एके रात्री फोनवर तोंडातून निसटलंच, "लाप्ला..." हिनं असे डोळे वटारले की मी पुढं "...लापशी केलीय रे आज आईनं" म्हणून मोकळा झालो. तर हा म्हणतो, मला पण पाठवा. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं पोरानं. रात्री अकराला हिनं लापशी घातली शिजायला, माझ्या नावानं काय काय पुटपुटत होती ते मी फक्त ऐकलं.

सकाळच्या एसटीनं निघालो, खंबाटकीत डबा कलंडला, पँटवर गुळाचा पाक. स्वारगेटला चहाच्या टपरीवर त्यानं अर्धी लापशी खाल्ली आणि खाली बघत म्हणाला, "बाबा, माझा एम थ्री राहिलाय."

मी घरून प्रॅक्टिस करून आणलेला धक्का बसवून घेतला. म्हटलं, "असू दे रे, होतं."

"हो, तुमचं पण एफवायला गणित राहिलेलं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं. मी दहावीत होतो तेव्हाच. म्हणाली, बाबांना सांगू नको."